‘हो, जेवलो’ला किती गुण? : नाट्यवाचन स्पर्धांच्या परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
आंतरशालेय नाट्यवाचन स्पर्धांचे संयोजक व परीक्षक, तसेच सहावी ते आठवीच्या वर्गांना मराठी शिकवणारे शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून नाट्यवाचनाच्या तालमी सुरू होतात आणि डिसेंबर-जानेवारीत, स्नेहसंमेलनांच्या गडबडीतच, आंतरशालेय स्पर्धा उरकल्या जातात. मी 31 वर्षे शाळेत मराठी शिकवले आणि त्यांपैकी 19 वर्षे अशा स्पर्धांना परीक्षक म्हणून बसले. त्या काळात मी दिलेल्या गुणांपैकी बरेच गुण भलत्याच गोष्टींना दिले गेले, असे आता मागे वळून पाहताना वाटते. या पत्रात त्या चुकांची कबुली आहे आणि यंदाच्या हंगामाआधी काही गोष्टी बदलाव्यात अशी विनंतीही आहे. ज्या स्पर्धेचा प्रसंग पुढे सांगणार आहे, तिचे आणि तेथील शाळांचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण परीक्षकांच्या टेबलामागे तेव्हा मीही होते.

त्या दिवशी चौदा संघ होते आणि दुपारच्या जेवणानंतरची सुस्त वेळ होती. सातवीतला एक मुलगा आणि सहावीतली एक मुलगी, एवढ्या दोघांचाच एक संघ रंगमंचावर आला. ऊसतोडीचे काम संपवून कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, परतलेला बाप आणि त्याची लेक, असा साधा प्रवेश होता. त्यात अशी तीन वाक्ये होती:

‘बाबा, तुम्ही जेवलात?’
‘हो, जेवलो.’
‘मग ताट कोरडं कसं?’

मुलीचा प्रश्न पुरता संपण्याआधीच मुलाने ‘हो’ म्हटले, आणि ‘जेवलो’ हा शब्द त्याने खाली कागदाकडे पाहत, जरा घाईने उरकला. मुलगी थांबली. तिने हातातले पान उलटले, त्या पानाचा आवाज सभागृहात ऐकू आला, आणि मग तिने ताटाचा प्रश्न विचारला तो स्वर न चढवता, जणू तिला उत्तर आधीच माहीत होते. बाप खोटे बोलतो आहे, हे त्या घाईच्या ‘हो’ने सांगितले आणि लेकीला ते कळले आहे, हे तिच्या थांबण्याने सांगितले. पुढच्याच स्वगतात मुलाचा आवाज फाटला. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलांचे आवाज फुटतात, तसाच तोही फुटत होता. मागच्या रांगेतली पोरे हसली आणि मी ‘आवाज’ या रकान्यात दहापैकी चार गुण लिहिले.

त्या स्पर्धेत पहिला क्रमांक मिळालेल्या संघात सात मुले होती. सर्वांच्या हातात एकाच रंगाच्या फायली होत्या, आक्रोश होता, जमिनीवर पाय आपटणे होते, शेवटी एका मुलीच्या डोळ्यांत खरोखरचे अश्रू होते. मुलांनी मेहनत घेतली होती यात शंका नाही. परंतु सात मिनिटांच्या सादरीकरणात एकाही मुलाने फायलीतले पान उलटले नाही, हे माझ्या लक्षात आले ते घरी परतताना, एस.टी.त बसल्यावर. ते वाचन नव्हते. पाठ केलेले, बसवलेले नाटक होते आणि फायली केवळ नियमाच्या समाधानासाठी हातात होत्या. आम्ही तिघा परीक्षकांनी एका नाटकाला वाचनाचे बक्षीस दिले आणि ज्या दोघांनी खरे वाचन केले त्यांना सहाव्या क्रमांकावर बसवले.

असे का घडते याचे पहिले उत्तर आपल्या गुणपत्रिकेत आहे. या वर्षांत माझ्या हाती आलेल्या बहुतेक गुणपत्रिकांवर आवाज, उच्चार, हावभाव, सभाधीटपणा, वेशभूषा आणि एकूण परिणाम असे रकाने असत. दोन ठिकाणी तर वाचनाच्या स्पर्धेत ‘पाठांतर’ असाही रकाना होता. यांत संहिता मुलाला कळली आहे काय, हा रकाना कोठेच नाही. तो नसल्यामुळे शिक्षकही तालमीत अर्थाऐवजी हावभाव बसवतात, कारण गुण ज्याला आहेत तेच बसवणे त्यांच्या दृष्टीने शहाणपणाचे ठरते. कोणता हात कोणत्या शब्दाला वर जाईल आणि कोणत्या शब्दाला मान खाली झुकेल, हे सारे ठरलेले असते. मग आपण जे मोजतो ते बारा वर्षांच्या मुलाचे वाचन राहत नाही, बसवणाऱ्या शिक्षकाचे दिग्दर्शन होते. शिक्षकांना बक्षीस द्यायचेच असेल तर त्यासाठी वेगळी ढाल ठेवावी, माझी काहीच हरकत नाही.

वाचनाचे गुणदोष कोणते, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात वाचणाऱ्याचे सहा गुण आणि सहा दोष सांगितले आहेत. माधुर्य, अक्षरांची स्पष्टता, पदे योग्य ठिकाणी तोडणे, सुस्वर, धीर आणि लय सांभाळण्याची शक्ती हे ते गुण होत. दोषांमध्ये हेल काढून गाणारा, घाई करणारा, डोके हलवणारा, लिहिलेले पाहून वाचणारा, अर्थ न जाणणारा आणि आवाज दबलेला, असे सहा वाचक मोजले आहेत. सहावीच्या कोणत्याही वर्गात दहा मिनिटे प्रकट वाचन घ्यावे, हे सहाही जण आपापल्या बाकावर बसलेले सापडतील. त्यांतील हेल काढणारा तर आपणच घडवलेला असतो, कारण पहिली-दुसरीत साऱ्या वर्गाने एका सुरात वाचायचे जे समूहवाचन आपण घेतो त्याचा ठेका काही मुलांच्या जिभेवरून सहावीपर्यंत उतरत नाही. डोके हलवणारा आपल्या स्पर्धांत मात्र हमखास ‘हावभाव’ या रकान्यात गुण मिळवून जातो.

या यादीत लिहिलेले पाहून वाचणाराही दोषी ठरवला आहे, आणि आपला नियम मात्र कागद हातात हवाच असे सांगतो. हा तिढा वरवरचा आहे. ती शिकवण पाठांतराच्या परंपरेतली होती आणि तिला पोथीवर नजर खिळवून बसलेला माणूस नको होता. आपल्यालाही तो नकोच आहे. चांगल्या वाचकाची नजर त्याच्या आवाजाच्या चार शब्द पुढे धावत असते. ती कागदावर उतरते, एक अर्थपूर्ण तुकडा उचलते आणि समोरच्या पात्राकडे परत येते. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी बोरकरांच्या आणि मर्ढेकरांच्या कवितांच्या वाचनाचे कार्यक्रम केले, ते ज्यांनी पाहिले वा ध्वनिमुद्रणातून ऐकले त्यांना वाचन हीसुद्धा स्वतंत्र कला आहे हे पटवून द्यावे लागत नाही. कागद ही नाट्यवाचनात अडचण मानू नये आणि मुलाने तो विसरायला लावला म्हणून जादा गुणही देऊ नयेत.

आता समज ऐकायची कशी, हा खरा प्रश्न आहे. समज दिसत नाही, ती मोजता कशी येईल, असे सहकारी परीक्षक मला विचारतात. ती ऐकू येते, एवढेच नव्हे तर ठरावीक ठिकाणी ऐकू येते, असे माझे म्हणणे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वाचिक अभिनयाच्या विवेचनात काकूचे दोन प्रकार सांगितले आहेत: साकांक्ष आणि निराकांक्ष. (काकू म्हणजे आवाजाची वळणावळणाने होणारी बदलती छटा, वर्गात हा शब्द उच्चारला की शेजारच्या काकूंच्या आठवणीने पाच मिनिटे हशा होतो, तो होऊ द्यावा, शब्द लक्षात राहतो.) ज्या उच्चारात अर्थ अजून पुरा व्हायचा आहे तो साकांक्ष आणि ज्यात तो पुरा झाला आहे तो निराकांक्ष. ‘तू आला असतास तर…’ येथे स्वर अधांतरी राहिला पाहिजे. ‘तू आलास, बरं झालं.’ येथे तो खाली येऊन टेकला पाहिजे. ज्या मुलाला वाक्य कळलेले नाही तो छापील ओळ संपली की स्वर टाकतो, मग वाक्य संपलेले असो वा नसो. सात मिनिटांच्या वाचनात अशा जागा वीस तरी सापडतात. परीक्षकाने संहितेची प्रत समोर ठेवून त्यांतल्या दहा जागांवर आधीच पेन्सिलीने खुणा करून ठेवल्या आणि प्रत्येक जागी अर्थ पुरा झाला की तोडला गेला एवढेच टिपले, तर समज हा रकाना ‘एकूण परिणाम’ या गूढ रकान्यापेक्षा कितीतरी काटेकोर भरता येतो. त्यासाठी संहिता परीक्षकांना किमान दोन दिवस आधी मिळाली पाहिजे. आज ती बहुधा संघ रंगमंचावर चढत असताना हाती येते, आणि कित्येकदा येतही नाही.

मराठीच्या घडणीमुळे आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी असते. आपल्या भाषेत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येते आणि ‘नाही’ तर अगदी टोकाला येते. ‘मी तुला कधी विसरलो नाही’ या वाक्यात सगळा जोर ‘कधी’वर देऊन मुलाने श्वास संपवला आणि ‘नाही’ गिळले, तर ऐकणाऱ्याच्या हाती भलतेच वाक्य पडते. शब्दाच्या शेपटीला लागलेल्या प्रत्ययांचेही तसेच आहे: ‘राजूने बोलावलं’ आणि ‘राजूला बोलावलं’ यांत एका अक्षराने माणसांची अदलाबदल होते. म्हणून उच्चारांना गुण देताना मी आता शब्दांची टोके ऐकते. सुरुवातीचा आवेश सर्वांनाच जमतो.

आणि विराम. विरामाचा सराव करून घेता येतो, पण समज नसेल तर तो सराव उघडा पडतो, कारण पाठ केलेला विराम दर वेळी तेवढाच लांब असतो. अर्थातून आलेला विराम समोरच्याने वाक्य कसे टाकले यावर अवलंबून असतो. म्हणूनच स्वतःची पाळी नसताना मूल काय करते, हे परीक्षकाने पाहावे. पुढच्या वाक्यावर बोट ठेवून वाट पाहणारे मूल आणि दुसऱ्याचे वाक्य ऐकून त्यावर बोलणारे मूल यांच्यातला फरक मागच्या रांगेतूनही कळतो. या ऐकण्याला आपल्या गुणपत्रिकेत शून्य गुण आहेत.

हे पारखायला नाट्यछटा फार उपयोगी पडते. दिवाकर, म्हणजे शंकर काशीनाथ गर्गे, हे पुण्यात शाळामास्तर होते आणि 1911 पासून त्यांनी हा प्रकार मराठीत रुजवला. त्यांच्या 51 नाट्यछटांपैकी अनेकांत बोलणारा एकच असतो आणि समोरची माणसे आपल्याला त्याच्या बोलण्यावरूनच समजतात. न दिसणाऱ्या माणसाला उत्तर द्यायला मुलाने वेळ दिला काय, त्याचे न ऐकू आलेले वाक्य मुलाने स्वतः ऐकले काय, एवढे तपासले तरी पुरे. शंभर वर्षांहून जुना हा मजकूर आजच्या मुलांना भाषेच्या दृष्टीने थोडा परका वाटतो, हे मान्य. त्यासाठी तालमीत एक तास अर्थावर घालवावा लागतो, आणि माझ्या मते तो तास वाया जात नाही.

रंगसूचनांचा घोळ थोडक्यात सांगते. कंसातले ‘स्वगत’, ‘दचकून’, ‘डोळे पुसत’ हे शब्द काही संघ मोठ्याने वाचतात, काही वाचत नाहीत, आणि परीक्षक आपापल्या समजुतीप्रमाणे गुण कापतात. नियमपत्रिकेत एक ओळ घातली की हा प्रश्न मिटेल.

उच्चारांबाबत मात्र मला थांबून सांगितले पाहिजे, कारण माझी सर्वांत मोठी चूक तेथे झाली आहे. काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलीने एका म्हाताऱ्या बाईची भूमिका वाचली. ती ‘डोळे’ऐवजी ‘डोये’ म्हणत होती, ‘काळी’ऐवजी ‘कायी’ म्हणत होती. मी शेऱ्यात ‘ळ अस्पष्ट, उच्चार अशुद्ध’ असे लिहिले आणि पाच गुण कापले. शेजारचे परीक्षक मूळचे अमरावतीकडचे होते. निकालानंतर चहा घेताना ते एवढेच म्हणाले, ‘बाई, आमच्याकडे म्हातारी माणसं असंच बोलतात. पोरीनं घरची आजी वाचली.’ ती वऱ्हाडी होती आणि अस्पष्ट अजिबात नव्हती; उलट शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक अक्षर पोचत होते. मी बोलीला अस्पष्टपणा समजले होते, आणि भूमिकेला साजेशा गोष्टीलाच दोष ठरवले होते.

तेव्हापासून मी दोन वेगळे प्रश्न विचारते. शब्द पोचला काय, हा पहिला. तो सर्वांना समान लागू आहे. त्या पात्राच्या तोंडी तो उच्चार शोभतो काय, हा दुसरा. जिल्हाधिकाऱ्याची भूमिका वाचणाऱ्या मुलाने ‘पाणी’चे ‘पानी’ केले तर पात्राच्या दृष्टीने त्याची नोंद करायला हरकत नाही, तीही एखाद्या गुणापुरती; मालवणी आजोबांच्या तोंडी मात्र पुस्तकी ‘केले, गेले’ वाचणाऱ्या मुलालाही तोच न्याय लावला पाहिजे. हा दुसरा न्याय लावलेला मी आजवर पाहिलेला नाही. न-ण, ळ-ल, श-स यांवर गुण कापणे सोपे असते कारण ते चटकन ऐकू येतात आणि परीक्षकाला आपण काटेकोर असल्याचे समाधान मिळते. त्यातही आपण एकसारखे नसतो. पाण्याचा ‘जग’ आणि सारे ‘जग’ यांतला ज वेगळा आहे, हे कोणी आवर्जून तपासत नाही, पण ‘ण’साठी लाल पेन तयार असते.

हा मुद्दा आता अधिक गंभीर झाला आहे. 2020 च्या अधिनियमाने राज्यातील सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि 2020-21 पासून पहिली व सहावी या इयत्तांपासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली. म्हणजे ज्यांच्या घरी गुजराती, हिंदी, तेलुगू किंवा उर्दू बोलली जाते अशी मुलेही आज सहावी-सातवीत मराठी संवाद वाचत आहेत. त्यांच्यापैकी काही जण स्पर्धेला येतात, हे आपल्या भाषेचे भाग्य आहे. त्यांच्या जिभेवरच्या घरच्या भाषेचे गुण कापून आपण त्यांना पुढच्या वर्षी परत येऊ नका असेच सांगत असतो. त्या मुलांनी संवादाचा अर्थ सांभाळला काय, एवढे ऐकावे.

आवाजाबद्दलही असेच म्हणावे लागेल. सहावी ते आठवी या तीन इयत्तांत मुलग्यांचे आवाज फुटतात, आणि एकाच संघात एकाचा आवाज खर्जातला, दुसऱ्याचा अजून बाळबोध आणि तिसऱ्याचा दोन्हींमध्ये लोंबकळणारा असतो. या वयात ‘आवाजाचा पोत’ या सदरात गुण देणे म्हणजे उंचीला गुण देण्यासारखे आहे. आवाज शेवटपर्यंत पोचतो काय, हे पाहणे रास्त आहे. मात्र ध्वनिक्षेपक बरा नसेल तर त्याचा दोष मुलाकडे जाऊ नये.

विषयाला गुण देण्याची सवयही आपण सोडली पाहिजे. शेतकऱ्याची आत्महत्या, सीमेवरचा जवान, गर्भातल्या मुलीचे आर्त मनोगत, असे विषय निवडले की परीक्षक गहिवरतात हे शिक्षकांना ठाऊक झाले आहे. विषय खरे आहेत, त्यांच्याबद्दल मला अनादर नाही. पण बारा वर्षांच्या मुलीला सलग पाच मिनिटे किंचाळायला लावून आपण तिच्याकडून नेमके काय वाचून घेतले? याउलट विनोदी प्रवेश ‘हलकाफुलका’ असा शेरा घेऊन चौथ्या क्रमांकावर जातो. खरे पाहता विनोद वाचणे अधिक अवघड आहे, कारण तेथे विराम अर्ध्या क्षणाने चुकला तरी वाक्य पडते, आणि प्रेक्षक हसले नाहीत तर ते लपवायला अश्रू नसतात. दोन भाऊ एका लाडवावरून भांडत आहेत असा प्रवेश ज्या मुलांनी नीट वाचला, त्यांना मी हल्ली हात राखून गुण देत नाही.

आता बेरजेविषयी. हा भाग कोरडा आहे, पण निकाल येथेच फिरतात. समजा, 50 गुणांपैकी पहिल्या परीक्षकाने ‘क’ संघाला 45 आणि ‘ख’ संघाला 30 दिले. उरलेल्या दोघांनी प्रत्येकी ‘क’ला 38 आणि ‘ख’ला 41 दिले. बेरीज केली तर ‘क’चे 121 आणि ‘ख’चे 112 होतात, म्हणजे तिघांपैकी दोघांना ‘ख’ अधिक चांगला वाटला असूनही जिंकतो ‘क’. ज्या परीक्षकाचा हात मोठ्या पल्ल्यात फिरतो त्याचे मत आपोआप दुप्पट-तिप्पट वजनाचे होते आणि ज्याला सावधपणे 38 ते 41 मध्येच राहण्याची सवय आहे त्याचे मत जवळपास मोजलेच जात नाही. यात कोणाचीही लबाडी नसते, सवयीचा प्रश्न असतो. यावर सोपा उपाय असा की, प्रत्येक परीक्षकाच्या गुणांवरून आधी त्याची क्रमवारी लावावी आणि बेरीज क्रमांकांची करावी. ज्याची बेरीज कमी तो वर. बरोबरी झाली तर तिघांनी बोलून ठरवावे, आणि बोलताना ‘मला आवडले’ याऐवजी संहितेतल्या खुणांवर बोट ठेवून बोलावे.

पहिल्या संघावर होणारा अन्याय सगळ्यांना माहीत आहे. पुढे कोण येणार हे ठाऊक नसल्याने परीक्षक ‘जागा ठेवून’ गुण देतात आणि सकाळी नऊला वाचणाऱ्या मुलांची त्यात कायमची अडकणूक होते. पहिल्या तीन संघांचे गुण पेन्सिलीने लिहून चौथ्या संघानंतर पक्के करण्याची मुभा नियमातच असावी. एवढे पुरते.

मी गेल्या दोन वर्षांपासून शाळांतर्गत फेऱ्यांमध्ये 50 गुणांची एक वेगळी गुणपत्रिका वापरून पाहते आहे. तिच्यात 20 गुण समजेला आहेत, 10 ऐकण्याला आणि प्रतिसादाला, 10 शब्द शेवटपर्यंत पोचण्याला, आणि 10 न पाहिलेल्या उताऱ्याला. हा शेवटचा भाग थोडा वादग्रस्त ठरला आहे. संघाचे मुख्य वाचन झाल्यावर त्यांना बारा-पंधरा ओळींचा एक नवा संवाद देतात, दहा मिनिटे बाजूच्या खोलीत बसू देतात आणि मग तो वाचायला सांगतात. त्या दहा मिनिटांत शिक्षकांना आत प्रवेश नसतो. पालकांनी याला ‘अचानक परीक्षा’ म्हटले, काही शिक्षक रागावले. मुले मात्र त्या खोलीत जे करतात ते पाहण्यासारखे असते: हा खरं बोलतोय का, ही त्याच्यावर चिडली आहे की नुसती थकली आहे, असे प्रश्न ती एकमेकांना विचारू लागतात. तालमीच्या दोन महिन्यांत हे प्रश्न बहुधा कोणी विचारलेले नसतात, कारण उत्तरे सरांनी आधीच बसवलेली असतात. या भागात मुले अडखळतात, क्वचित हसतातही, आणि त्यासाठी मी गुण कापत नाही.

वर्गातील मूल्यमापनाबद्दल माझ्या शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले तेव्हा सहावीसाठी आकारिक (शिकवताना सतत होणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारे) मूल्यमापन यांचा भारांश 50-50 आणि सातवीसाठी 40-60 असा ठरला, आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत तोंडीकामाला, उपक्रमाला, इतकेच नव्हे तर स्वयंमूल्यमापनाला आणि सहाध्यायी मूल्यमापनालाही जागा मिळाली. नाट्यवाचनासाठी याहून सोयीची चौकट मिळणे कठीण होते. आपण तिचे काय केले, ते आपल्या नोंदवह्या सांगतील. ‘योग्य आरोह-अवरोहासह वाचन करतो’ आणि ‘नाट्यीकरणात उत्साहाने सहभागी होतो’ ही वाक्ये तयार नोंदींच्या याद्यांतून उतरवून आपण चाळीस मुलांच्या पुढे लिहिली. मीही लिहिली आहेत, तीही मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत. त्याऐवजी एकदा असे करून पाहावे: दोन मुलांनी संवाद वाचावा, बाकीच्या वर्गाने बाकावर डोके टेकवून, डोळे मिटून ऐकावे आणि मग या दोघांतले कोण काय लपवत होते ते एका ओळीत लिहावे. तीस मुलांपैकी बावीस जणांना बापाचे खोटे ऐकू आले असेल, तर वाचणाऱ्याचे मूल्यमापन झाले आणि ऐकणाऱ्यांचेही. वेगळी तोंडी परीक्षा घ्यायची गरज उरत नाही.

स्पर्धांमध्ये मुलांच्या हाती काय पडते, हेही पाहा. विजेत्यांना ढाल आणि बाकीच्यांना सहभागाचे प्रमाणपत्र मिळते, ज्यावर नावाची जागा पेनाने भरलेली असते. आपल्याला सहावा क्रमांक का मिळाला, हे मुलाला कधीच कळत नाही. माझी विनंती आहे की, तिघा परीक्षकांनी मिळून प्रत्येक संघासाठी दोन वाक्ये लिहून द्यावीत, आणि त्यांतले एक वाक्य तरी संहितेतल्या एका नेमक्या जागेबद्दल असावे. ‘छान प्रयत्न, आवाजावर मेहनत घ्या’ असे वाक्य त्यात चालणार नाही. चौदा संघांना अठ्ठावीस वाक्ये लागतात. निकाल जाहीर होण्याआधीच्या पाहुण्यांच्या भाषणांना जेवढा वेळ लागतो तेवढ्यात ती सहज लिहून होतात, हे मी करून पाहिले आहे.

त्या ऊसतोडीच्या प्रवेशातल्या दोघांना मी असे काहीच लिहून दिले नव्हते. आज लिहायचे झाले तर मी लिहीन: ‘तिचा प्रश्न संपण्याआधी तू हो म्हणालास, तेथेच बाप उभा राहिला. ताटाच्या प्रश्नाआधी तू जेवढी थांबलीस तेवढीच पुढेही थांबत जा.’ तो मुलगा आता दहावीच्याही पुढे गेला असेल आणि त्याचा आवाज एव्हाना बसला असेल.

यंदा तीन ठिकाणांहून मला परीक्षक म्हणून विचारणा झाली आहे. तिन्ही ठिकाणच्या संयोजकांना मी होकार कळवला आहे आणि सोबत एकच अट घातली आहे, ती येथेही नोंदवते. कपडे, अश्रू आणि हातवारे पाहिले की माझाही पेन आपोआप चालू लागतो, हे मला अनुभवाने माहीत आहे. म्हणून तिघा परीक्षकांपैकी एकाची खुर्ची रंगमंचाकडे पाठ करून मांडावी आणि ती मला द्यावी.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका